खाली उतरणारा जॅकपॉट : मॅसॅच्युसेट्सच्या ‘कॅश विनफॉल’ लॉटरीचे प्रकरण

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी लॉटरीने २००४ च्या शरद ऋतूत ‘कॅश विनफॉल’ नावाचा खेळ सुरू केला आणि २०१२ च्या जानेवारीत तो बंद केला. मधल्या सव्वासात वर्षांत मोजक्या काही गटांनी या खेळातून लाखो डॉलरचा नफा कमावला. एका वर्तमानपत्राने तो उजेडात आणला आणि राज्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली. त्या चौकशीत सरकारचा एक सेंटही बुडालेला नाही असे आढळले. ही हकिगत बहुतेक वेळा ‘हुशार विद्यार्थ्यांनी सरकारला गणितात हरवले’ अशा थाटात सांगितली जाते. ती ऐकायला गोड असली तरी तिच्यात मुळातच एक चूक आहे, कारण सरकार या खेळात उतरलेलेच नव्हते. सरकार खेळाचे यजमान होते आणि यजमानाचा वाटा सोडतीआधीच बाजूला काढला जातो. हे प्रकरण लॉटरीच्या विक्रीत येणाऱ्या एका नेहमीच्या अडचणीचे आणि त्यावर काढलेल्या तोडग्याचे आहे. तोडगा लागू पडला. मात्र त्याचा खर्च कोणाच्या खिशातून निघणार हे तिकिटावर छापलेले नव्हते.

अडचण काय होती

मॅसॅच्युसेट्सची लॉटरी १९७१ च्या कायद्याने उभी राहिली. १९७४ मध्ये तिने खरवडून पाहायचे तिकीट बाजारात आणले, आणि दरडोई विक्रीत हे राज्य अमेरिकेत दीर्घकाळ सर्वांत वरच्या जागी राहिले आहे. लॉटरीचा निव्वळ नफा राज्यातील ३५१ शहरांना आणि गावांना अनुदान म्हणून वाटला जातो. रस्ते, शाळा, अग्निशमन दल अशा रोजच्या खर्चांत तो मिसळून जात असल्याने विक्री घटली की तिची झळ थेट नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांना बसते. साहजिकच लॉटरी चालवणाऱ्या अधिकाऱ्यांचे काम एकाच आकड्यावर मोजले जाते आणि तो आकडा म्हणजे एकूण विक्री. कोणाला किती बक्षीस मिळाले याने सरकारचे उत्पन्न वरखाली होत नाही, किती तिकिटे खपली याने होते. अर्थशास्त्राचे अभ्यासक लॉटरीतील सरकारी वाट्याला अप्रत्यक्ष कर म्हणतात. हे नाव अनेकांना खटकते, पण हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर आहे.

अंक निवडण्याच्या खेळांत गिऱ्हाइकाला खेचण्याचे काम जॅकपॉट करतो. तो कोणाला लागला नाही की रक्कम पुढच्या सोडतीत जमा होते, रक्कम फुगते, फुगलेल्या रकमेची बातमी होते आणि बातमी वाचून एरवी न खेळणारी माणसेही रांगेत येतात. हे चक्र मोठ्या लोकसंख्येत छान चालते. एका मध्यम आकाराच्या राज्यात मात्र ते मध्येच अडकते, कारण जॅकपॉट कोणालाच लागत नाही आणि त्याची रक्कमही डोळे दिपवण्याइतकी होत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९६ पासून अनेक राज्यांची मिळून चालणारी ‘बिग गेम’ लॉटरी होती, जिचे २००२ मध्ये ‘मेगा मिलियन्स’ असे नामकरण झाले. तिथल्या भल्यामोठ्या आकड्यांशेजारी राज्याचा स्वतःचा ‘मास मिलियन्स’ हा खेळ फिका पडू लागला. त्याचा जॅकपॉट वर्षभर कोणालाही लागला नाही, आणि ज्या दुकानात कोणी जिंकल्याचे ऐकिवात येत नाही तिथे लोक तिकीट मागायचे विसरतात. या कंटाळ्यावर उपाय म्हणून ‘मास मिलियन्स’च्या जागी ‘कॅश विनफॉल’ आणण्यात आला.

तोडगा

नव्या खेळात २ डॉलरच्या तिकिटावर १ ते ४६ यांपैकी सहा अंक निवडायचे होते. जॅकपॉट पाच लाख डॉलरपासून सुरू होई. तीन अंक जुळले तर ५ डॉलर, चार जुळले तर १५० आणि पाच जुळले तर ४,००० डॉलर मिळत. दोन जुळले तर एक तिकीट फुकट मिळे. इथपर्यंत नवे काही नव्हते. खरे वैशिष्ट्य पुढच्या नियमात होते : जॅकपॉटने २० लाख डॉलरची मर्यादा ओलांडली आणि त्या सोडतीतही सहाच्या सहा अंक कोणाचे जुळले नाहीत, तर साठलेली रक्कम खालच्या बक्षिसांवर वाटली जाई. याला ‘रोल-डाउन’ म्हणत. जॅकपॉट पुढे ढकलण्याऐवजी खाली उतरवायचा, अशी ही कल्पना होती.

विक्रीच्या अंगाने पाहिले तर ही कल्पना चांगलीच होती. दर काही आठवड्यांनी एक दिवस असा येई की शेजारच्या माणसालाही भरघोस रक्कम लागलेली दिसे, आणि ‘कोणालाच लागत नाही’ ही तक्रार आपोआप गळून पडे. लॉटरीकडून रोल-डाउनची आगाऊ जाहिरातही होई. हीच कल्पना मिशिगन राज्याने २००३ मध्ये ‘विनफॉल’ या नावाने आधी राबवली होती. तिथे तिकीट १ डॉलरचे, अंक ४९ आणि मर्यादा ५० लाखांची होती. विक्री पुरेशी होत नाही म्हणून मिशिगनने २००५ मध्ये तो खेळ गुंडाळला, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

एका तिकिटाची किंमत

४६ मधून सहा अंक ९३ लाख ६६ हजार ८१९ प्रकारे निवडता येतात. पाच अंक जुळण्याची शक्यता सुमारे ३९ हजारांत एक, चार जुळण्याची ८०० मध्ये एक, तीन जुळण्याची ४७ मध्ये एक आणि दोन जुळण्याची जवळपास सातात एक. आता एखाद्या साध्या दिवसाचे, म्हणजे जॅकपॉट दहा लाखांच्या आसपास असतानाचे, तिकीट हातात घेऊ. पाच अंकांचे ४,००० डॉलर ३९ हजार तिकिटांवर पसरले तर प्रत्येकी १० सेंट येतात. चार अंकांच्या बक्षिसाचे १९ सेंट, तीनच्या बक्षिसाचे ११ आणि जॅकपॉटचे ११ सेंट. ही बेरीज जेमतेम ५० सेंट होते. फुकट तिकिटाला पूर्ण २ डॉलरचा भाव दिला तर एकूण ८० सेंट भरतात. पण ते फुकट तिकीटही असेच ५० सेंटांचे असल्याने त्याला खरा भाव लावला, तर २ डॉलरच्या तिकिटाची किंमत ६० सेंटांच्या आत राहते.

रोल-डाउनच्या दिवशी हाच कागद पूर्णपणे बदलतो. ७ फेब्रुवारी २००५ च्या सोडतीत पाच अंकांना सुमारे ५० हजार, चारला २,३८५ आणि तीनला ६० डॉलर मिळाले. त्याच शक्यतांनी भागले तर अनुक्रमे १ डॉलर २८ सेंट, २ डॉलर ९८ सेंट आणि १ डॉलर २७ सेंट येतात. २ डॉलरला घेतलेल्या कागदाची सरासरी किंमत त्या दिवशी साडेपाच डॉलरच्या घरात होती, आणि यात फुकट तिकीट धरलेलेही नाही. सरकारी छाप असलेली, राजरोस विकली जाणारी आणि खर्चाच्या अडीचपटीहून अधिक मोलाची वस्तू दुकानाच्या फळीवर ठेवलेली होती. तिच्याकडे लक्ष जाण्यासाठी फक्त भागाकार करावा लागत होता.

अर्थात सरासरी किंमत आणि हातात पडणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. रोल-डाउनच्या दिवशी पाच तिकिटे घेणारा माणूस दहापैकी जवळपास नऊ वेळा रोख बक्षिसाविना घरी जातो, कारण सरासरीतला मोठा भाग क्वचित लागणाऱ्या चार आणि पाच अंकांच्या बक्षिसांत दडलेला असतो. दोन लाख तिकिटे घेणाऱ्याला मात्र तीन अंकांची सुमारे ४,२००, चारची २५० आणि पाचची पाच बक्षिसे अपेक्षित असतात, आणि पाचाचे एकही न लागण्याचा धोका हजारात सहा इतकाच उरतो. म्हणजे हा जुगार घाऊक प्रमाणात खेळला की जवळजवळ व्यापार होतो. तरीही एक जोखीम शिल्लक राहत असे. त्या सोडतीत दहा लाख तिकिटे खपली, तर कोणाचे तरी सहाही अंक जुळून साठलेली सगळी रक्कम एकट्याकडे जाण्याची शक्यता दहात एक होती. मोठे गट ही जोखीम हिशेबात धरूनच उतरत.

कोण आले

मिशिगनमधील एका निवृत्त दुकानदाराने २००३ मध्ये तिथल्या ‘विनफॉल’चे माहितीपत्रक वाचले आणि मनातल्या मनात हिशेब केला : रोल-डाउनला १,१०० तिकिटे घेतली तर चार अंकांचे एक बक्षीस सुमारे हजार डॉलरचे आणि तीन अंकांची अठरा-एकोणीस बक्षिसे पन्नास-पन्नास डॉलरची, म्हणजे १,१०० डॉलरचे १,९०० होतात. नातलग आणि ओळखीचे लोक भागीदार झाले आणि रीतसर कंपनी नोंदवली गेली. मिशिगनचा खेळ बंद झाल्यावर तो दुकानदार आणि त्याची पत्नी असे हे दाम्पत्य मॅसॅच्युसेट्सकडे वळले. रोल-डाउन जवळ आला की ते शेकडो मैल गाडी हाकत राज्याच्या पश्चिमेकडील सन्डरलँडसारख्या लहान गावांत येत, ठरलेल्या दुकानात यंत्रासमोर दिवसच्या दिवस उभे राहून तिकिटे छापून घेत आणि सोडतीनंतर मोटेलच्या खोलीत बसून लाखो आकडे डोळ्यांनी तपासत. हरलेली तिकिटे ते फेकून देत नसत, कारण आयकर विभागाने विचारले तर तोट्याचा पुरावा तोच होता. नऊ वर्षांत दोन्ही राज्ये मिळून त्यांच्या कंपनीला सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरची बक्षिसे मिळाली आणि करपूर्व नफा ७७ लाख ५० हजारांच्या आसपास झाला. कष्टाचे तास मोजले तर हे आयते धन म्हणवत नाही.

दुसरा गट मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या विद्यार्थ्यांचा होता. २००५ च्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याने स्वतंत्र अभ्यास-प्रकल्पासाठी निरनिराळ्या लॉटऱ्यांची तुलना करायला घेतली आणि रोल-डाउनपाशी येऊन तो थबकला. वर उल्लेखलेली ७ फेब्रुवारीची सोडत या मंडळींची पहिली. पुढे त्यांनी ‘रँडम स्ट्रॅटेजीज’ नावाची संस्था काढली. नाव ‘रँडम हॉल’ या वसतिगृहावरून घेतलेले होते. पद्धतीत मात्र यादृच्छिक काही नव्हते. यंत्राने निवडलेल्या अंकांत पुनरावृत्ती होते म्हणून हा गट लक्षावधी अंकांच्या पट्ट्या हाताने भरत असे. शिवाय बॉस्टन विद्यापीठाशी संबंधित एका संशोधकाचा तिसरा क्लबही होता.

इथे दुकानदाराचा हिशेबही पाहायला हवा, कारण लॉटरीची खरी विक्रेता-फौज म्हणजे हीच मंडळी. मॅसॅच्युसेट्समध्ये विक्रेत्याला विक्रीवर पाच टक्के कमिशन मिळते आणि बक्षीस वटवले की आणखी एक टक्का. कोपऱ्यावरच्या एखाद्या पेयविक्रीच्या दुकानाने तीन दिवसांत तीन लाख डॉलरची तिकिटे छापून दिली, तर त्याच्या गल्ल्यात १५ हजार डॉलर पडतात. असे गिऱ्हाईक नियमात बसते की नाही याची उठाठेव तो दुकानदार कशाला करील? राज्याच्या मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांची स्थितीही वेगळी नव्हती, त्यांचे कमिशन फक्त मोठे होते.

२०१० चा ऑगस्ट

या व्यवसायात स्पर्धा वाढली तसा नफा आटत गेला. खाली उतरणारी रक्कम ठरावीक असते. तिकिटे जितकी जास्त, तितका प्रत्येक बक्षिसाचा तुकडा लहान होतो. २००५ चे साडेपाच डॉलर पुढे कधीच दिसले नाहीत आणि गट एकमेकांच्याच ताटातले खाऊ लागले. यातून ‘रँडम स्ट्रॅटेजीज’ने काढलेली वाट या प्रकरणातील सर्वांत धाडसी चाल म्हणावी लागेल.

लॉटरी प्रत्येक सोडतीआधी जॅकपॉटचा अंदाज जाहीर करत असे आणि तो २० लाखांच्या वर गेला की सगळे गट तयारीला लागत. १६ ऑगस्ट २०१० च्या सोडतीआधी हा आकडा १५ लाख ९० हजारांवर होता, म्हणून बाकीचे स्वस्थ बसले. विद्यार्थ्यांच्या गटाने गुपचूप १४ लाख डॉलर मोजून सुमारे सात लाख तिकिटे घेतली. या एवढ्या मोठ्या विक्रीचा जो हिस्सा जॅकपॉटमध्ये जमा झाला, त्याने रक्कम २० लाखांच्या पलीकडे गेली आणि ज्या रोल-डाउनची कोणालाच चाहूल नव्हती तो घडला. गटाचा नफा सुमारे सात लाख डॉलर झाला. त्याच सात लाख तिकिटांवर सरकारचा ४० टक्के वाटा काढला तर तो ५ लाख ६० हजार भरतो. दोन्ही बाजूंनी तो सोमवार चांगला गेला.

लॉटरीच्या संगणकावर ही विक्री दिसत नव्हती असे म्हणता येत नाही. मोठ्या प्रमाणावर तिकिटे घेणारे गट आहेत हे अधिकाऱ्यांना ठाऊक होते, आणि काही बाबतींत विक्रीचे नियम त्यांच्यासाठी सैल सोडले गेले होते, हे चौकशीत पुढे आले.

उजेडात आल्यावर

‘बॉस्टन ग्लोब’ने २०११ च्या जुलैअखेरीस हे सारे छापले. राज्याचे कोषाध्यक्ष हेच लॉटरी आयोगाचे अध्यक्ष असतात. त्या वेळी ते पद स्टीव्हन ग्रॉसमन यांच्याकडे होते. दुकानागणिक दररोजच्या विक्रीवर मर्यादा आली, काही दुकानांचे विक्री-परवाने स्थगित झाले आणि काही महिन्यांत खेळच बंद करण्यात आला. महानिरीक्षक ग्रेगरी सुलिव्हन यांचा अहवाल २०१२ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झाला. अधिकाऱ्यांनी लाच घेतल्याचा पुरावा सापडला नाही. खेळाच्या आयुष्यात राज्याला त्यापासून सुमारे १२ कोटी डॉलर मिळाले होते. घाऊक खरेदीमुळे सामान्य खेळाडूच्या तिकिटाला बक्षीस लागण्याची शक्यता घटली नव्हती, असेही अहवालाने नोंदवले.

हा शेवटचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. शक्यता घटली नाही, मात्र रोल-डाउनच्या दिवशी लागलेल्या बक्षिसाची रक्कम घटली, कारण ती अधिक तिकिटांत वाटली गेली. उलट बाजूने असेही म्हणता येते की गटांच्या विक्रीशिवाय हा खेळ बहुधा मिशिगनसारखाच लवकर बंद पडला असता आणि मग वाटायला काही उरलेच नसते.

सरकारी योजनेतली फट गणिताने शोधण्याचा प्रकार तसा जुना आहे. १७३० च्या आसपास पॅरिसमध्ये सरकारी रोख्यांना जोडलेल्या लॉटरीत बक्षिसांची बेरीज तिकिटांच्या किमतीपेक्षा जास्त भरते हे गणितज्ञ ला कोंदामिन यांच्या ध्यानात आले. त्यांनी व्होल्तेर यांच्यासह मंडळ जमवून तिकिटे उचलली आणि दोघेही श्रीमंत झाले. त्या प्रकरणात मात्र पैसा खरोखरच सरकारी तिजोरीतून गेला होता. १९९२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन गटाने व्हर्जिनिया राज्याच्या लॉटरीत सुमारे ७० लाख जुळण्यांपैकी ५० लाख विकत घेऊन २ कोटी ७० लाखांचा जॅकपॉट मिळवला. तिथे फट अशी काही नव्हतीच, फक्त फुगलेला जॅकपॉट आणि भरपूर भांडवल होते. ‘कॅश विनफॉल’ या दोन्हींहून निराळे. इथे नियम चुकीने लिहिलेला नव्हता. रोल-डाउनची तिकिटे आकर्षक असावीत हाच त्याचा हेतू होता आणि तिजोरीचा वाटा प्रत्येक तिकिटामागे ८० सेंट असा आधीच सुरक्षित होता.

मग पैसा कोणाचा

प्रत्येक तिकिटातून बक्षिसांसाठी १ डॉलर २० सेंट बाजूला पडत. एका रोल-डाउनपासून दुसऱ्या रोल-डाउनपर्यंत विकल्या गेलेल्या सगळ्या तिकिटांची सरासरी किंमत याहून जास्त असूच शकत नाही, मग कोणी कितीही हुशार असो. शेवटच्या दिवशीचे तिकीट तीन, चार किंवा साडेपाच डॉलरचे निघते, ते आधीच्या आठवड्यांतली तिकिटे ६०–८० सेंटांची होती म्हणून. साध्या सोमवारी आणि गुरुवारी सवयीने दोन तिकिटे घेणारा माणूस घडा भरत होता, आणि भरलेला घडा ज्या दिवशी उतरवला जाई त्या दिवशी तो दुकानात असेलच असे नव्हते. एकाच नावाने, एकाच किमतीला आणि एकाच रंगाच्या कागदावर लॉटरी दोन वेगळ्या वस्तू विकत होती. जाणकार गिऱ्हाईक एक वस्तू घेई आणि बाकीचे दुसरी.

पैशाची ही सरकासरक खेळाडूंच्या आपसात झाली, म्हणून ती सरकारच्या ताळेबंदात कुठेच दिसली नाही. गटांच्या कमाईचा माग लागला तो एका वेगळ्याच नियमामुळे : ६०० डॉलरच्या वरचे बक्षीस दुकानात वटवता येत नसे, त्यासाठी लॉटरीच्या कार्यालयात जाऊन अर्ज भरावा लागे आणि तो अर्ज करखात्यासाठी जपून ठेवला जाई. बातमीदारांनी आणि महानिरीक्षकांनी तपासले ते हेच अर्ज. तीच ती नावे, त्याच त्या तारखा आणि तीच मोजकी दुकाने त्यांत पुन्हा पुन्हा येत होती. रिकाम्या गेलेल्या तिकिटांसाठी असा अर्ज नसतो. मिशिगनच्या त्या दाम्पत्याने आयकरासाठी जपून ठेवलेली तेवढी सोडली, तर बाकीची तिकिटे सोडतीच्या रात्रीच कचऱ्यात गेली होती.